दुहेरी पानांचा धाक आणि फिरवलेल्या शब्दांचा धंदा



आज स्वयंपाकघरातल्याच गोष्टीतून सुरुवात करते, पण पुढे जरा हिशेबाच्या वाटेनं जाणार आहे. बी.कॉम. होऊन मला ४५ वर्षं झाली. नोकरी केली नाही, पण सासऱ्यांच्या दुकानाची कीर्द-खतावणी बरीच वर्षं लिहिली. ते शिक्षण कुठे कामाला येईल सांगता येत नाही. यंदा ते सुनेच्या वेबसाइटसाठी आलं.

आमच्या सुनेचा घरगुती उद्योग आहे. भाजणी, मेतकूट, कुरडया, नाचणीचे पापड, असे ४० एक पदार्थ, सगळे कांदा-लसणाशिवाय. आधी ओळखीत विकायची, मग व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि आता स्वतःची छोटी वेबसाइट आहे. एक दिवस एका सल्लागाराचा फोन आला. तुमची वेबसाइट मी फुकट तपासून देतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी लाल अक्षरांतला अहवाल आला: तुमच्याकडे ३१२ डुप्लिकेट पानं आहेत, गूगल दंड करेल, शोधातून नाव काढून टाकेल. उपाय म्हणून सगळा मजकूर नव्यानं लिहून घ्यायचा. खर्च ३५,००० रुपये.

सून दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आई, माझी अंगठी मोडू का? गूगलनं काढून टाकलं तर धंदाच बसेल."

मी म्हटलं, "थांब गं. आधी तो कागद मला दाखव."

त्या कागदावरून मी जे शिकले ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण हा फोन आपल्यातल्या आणखी कितीतरी जणींना येणार आहे, काहींना आलाही असेल. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याच वेबसाइटवर एक मजकूर दोन पत्त्यांवर दिसणं हा गुन्हा नाही, तो हिशेबाचा गोंधळ आहे आणि तो थोड्या कामात निस्तरतो. पण त्यावर उपाय म्हणून जे विकलं जातं, म्हणजे तोच मजकूर शब्द फिरवून पुन्हा लिहिणं, तो मात्र खरा दोष आहे. रोग साधा आणि औषध विषारी, अशी ही गत आहे.

आधी ती ३१२ पानं कुठून आली ते पाहू. सुनेकडे पदार्थ ४०, मग ३१२ पानं तिनं लिहिली कधी? तिनं लिहिलीच नव्हती. इंटरनेटवर पान म्हणजे पत्ता. थालीपिठाच्या भाजणीचं एकच पान घ्या. पत्त्याच्या सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलं की एक पत्ता, नसलं की दुसरा. 'पीठं' या विभागातून आत गेलं की तिसरा, 'उन्हाळी वाळवण आणि पीठं' या विभागातून गेलं की चौथा. गिऱ्हाइकानं अर्धा किलो निवडलं की पत्त्याला प्रश्नचिन्हाचं शेपूट लागतं, तो पाचवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या जाहिरातीतून कोणी आलं तर ते कुठून आलं हे कळण्यासाठी शेपटाला आणखी अक्षरं लागतात, तो सहावा. भाजणी तीच, फोटो तोच, किंमत तीच. माणसाला एक पान दिसतं, यंत्राला सहा पत्ते दिसतात.

जिनं दुकानाची वही लिहिली आहे तिला हे नवीन नाही. एकच व्यापारी वहीत कधी नावानं, कधी आडनावानं, कधी पेढीच्या नावानं लिहिला जातो. वर्षअखेरीला कळतं की तीन खाती उघडली गेली आहेत आणि माणूस एकच आहे. त्यासाठी कोणी व्यापाऱ्याला तुरुंगात घालत नाही. तिन्ही खात्यांची बाकी एका खात्यात ओढायची आणि पुढे एकच नाव लिहायचं, एवढंच.

गूगलसुद्धा हेच करतं. सारखी पानं दिसली की ती एका गटात घालतं, त्यातलं एक मुख्य म्हणून निवडतं आणि शोधात तेच दाखवतं. बाकीची बाजूला ठेवतं. 'डुप्लिकेटचा दंड' असं काही नसतं, हे गूगलनं स्वतःच २००८ साली स्पष्ट लिहून ठेवलं आहे. फसवण्यासाठी मुद्दाम केलं असेल तर गोष्ट वेगळी. गूगलच्या लबाडीविरोधी विभागाचे त्या वेळचे प्रमुख मॅट कट्स यांनी २०१३ साली सांगितलं होतं की वेबवरचा साधारण २५ ते ३० टक्के मजकूर दुहेरीच आहे. एवढ्या सगळ्यांना दंड करत बसलं तर शोधात उरेल काय?

आणि दंड झालाच तर तो गुपचूप राहतो का? आयकराची नोटीस तोंडी येत नाही, कागद येतो. इथेही तसंच आहे. गूगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन फुकट मिळतं. वेबसाइट आपली आहे एवढं सिद्ध केलं की ते उघडतं. त्यात 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' असा एक भाग आहे. गूगलच्या माणसांनी कारवाई केली असेल तर ती तिथे कारणासह लिहिलेली असते. सुनेच्या खात्यात तिथे हिरवी खूण होती, एकही तक्रार नव्हती. सल्लागारानं हे पान तिला दाखवलंच नव्हतं.

मग आम्ही दोघींनी त्याच साधनात पानांची यादी उघडली. मी ट्रायल बॅलन्स तपासावा तशी वही घेऊन बसले. ३१२ पैकी २९० पत्त्यांपुढे शेरा होता, 'अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनोनिकल टॅग'. त्याचा अर्थ असा की हा पर्यायी पत्ता आहे, मुख्य पत्ता कोणता ते याच्यावर नीट लिहिलेलं आहे आणि ते गूगलला समजलं आहे. यावर काहीही करायचं नसतं, सगळं ठीक असल्याचाच तो शेरा आहे. म्हणजे 'रोग नाही' असं लिहिलेली २९० कागदपत्रं मोजून आम्हाला २९० रोग सांगितले होते!

उरलेले २२ मात्र खरे होते. जुन्या वेबसाइटवरून आणताना २२ पदार्थांची अर्धा किलोची वेगळी पानं तशीच राहिली होती. मजकूर शब्दशः एक किलोच्या पानाचा आणि मुख्य पत्ता कोणता याची नोंद नाही. तिथे गूगलचा शेरा होता की पान दुहेरी आहे आणि मालकानं मुख्य पत्ता सांगितलेला नाही. काम एवढंच होतं.

आता कोणी म्हणेल, दंड नाही तर मग सोडून द्यावं ना? नाही, तसंही नाही. वहीत एका माणसाची तीन खाती राहिली तर तुरुंग नाही, पण येणं किती हे कळत नाही. इथेही तोटा तसाच आहे. कोणी मैत्रीण तिच्या पानावरून आपल्या भाजणीचा दुवा देते, तो एका पत्त्याला. दुसरी देते तो दुसऱ्या पत्त्याला. गूगलनं दोन्ही पत्ते एक आहेत हे ओळखलं तर श्रेय एकत्र होतं, नाही ओळखलं तर विभागलं जातं. शिवाय मुख्य पान कोणतं हे आपण सांगितलं नाही तर गूगल स्वतः निवडतं आणि नको ते, जुन्या किमतीचं पानसुद्धा पुढे येऊ शकतं. मोठ्या वेबसाइटना आणखी एक त्रास असतो, यंत्राचा वेळ नको त्या पत्त्यांवर जातो. पण ही काळजी दहा-दहा हजार रोज बदलणारी पानं असलेल्यांनी करावी. चाळीस पदार्थवालीनं नाही.

म्हणून आवराआवर करावी. ती कशी, तेही सांगते. हे समजलं तर कोणी घाबरवू शकत नाही.

पहिलं म्हणजे एक पत्ता ठरवा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हवं की नको, ते एकदा ठरवा. एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित पत्ता तर हवाच. बाकीच्या पत्त्यांवर कोणी आलं तर ते आपोआप मुख्य पत्त्यावर जावं अशी कायमची वळवणी लावायची. तिला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. घर बदललं की आपण टपाल कार्यालयात नवा पत्ता देतो, तसंच हे.

दुसरं, जी पानं दोन राहण्याची गरजच नाही ती एक करा. अर्धा किलो आणि एक किलो यांना दोन पानं कशाला? एकाच पानावर वजन निवडायची सोय ठेवावी. आम्ही ती २२ पानं मिटवली आणि त्यांचे पत्ते मूळ पानाकडे वळवले.

तिसरं, जिथे दोन पत्ते राहणारच, तिथे पानाच्या आतल्या मांडणीत 'कॅनोनिकल' अशी एक ओळ असते. 'या मजकुराचा मुख्य पत्ता अमुक' असं ती यंत्राला सांगते. ही सोय गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून फेब्रुवारी २००९ मध्ये जाहीर केली. वर्डप्रेस आणि शॉपिफाय ही ओळ बहुतेक पानांवर आपली आपण घालतात. म्हणूनच सुनेचे २९० पत्ते न सांगता ठीक होते. मात्र ही ओळ म्हणजे हुकूम नव्हे, शिफारस आहे. बाकीच्या खुणा उलट सांगत असतील तर गूगल दुसरं पान निवडू शकतं. म्हणून वेबसाइटच्या आतले दुवे आणि साइटमॅप म्हणजे पानांची यादी, दोन्हीकडे मुख्य पत्ताच लिहायचा. वहीत एक नाव आणि बिलावर दुसरं, असं नको.

दोन चुका मात्र टाळा. एक, सगळ्या पानांचा मुख्य पत्ता म्हणून पहिल्या पानाचा पत्ता टाकू नका. भाजणीचं पान पापडाच्या पानासारखं नसतं, मग ती ओळ खोटी ठरते. दुसरी, दुहेरी पानांवर यंत्राला यायलाच बंदी करू नका. रोबोट्स या फाइलमधून तशी बंदी करता येते आणि पुष्कळ जण तोच उपाय सांगतात. पण यंत्रानं पान वाचलंच नाही तर ते दुसऱ्यासारखं आहे हे त्याला कळणार कसं?

मराठी पान आणि त्याचंच हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर यांना गूगल दुहेरी मानत नाही, हेही सांगून ठेवते. भाषा वेगळी, वाचणारी वेगळी. दोन्ही ठेवा.

सुनेनं आणि तिच्या भावानं हे काम दोन रविवारी केलं. विक्री एकदम दुप्पट झाली असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. ती २२ ची यादी पुढच्या काही आठवड्यांत कमी होत गेली, सून झोपायला लागली आणि अंगठी तिच्या बोटात राहिली.

आता औषधाकडे वळते. माझा खरा राग तिथे आहे.

सल्लागारानं नमुना म्हणून भाजणीचं पान 'नव्यानं लिहून' पाठवलं होतं. सुनेनं लिहिलं होतं की धान्यं वेगवेगळी, मंद आचेवर भाजून, घरच्या गिरणीवर दळली आहेत. नमुन्यात 'खमंग तळलेली धान्यं' झालं होतं. भाजणी कोण तळतं? पुढे 'थालीपीठ असे करा' म्हणून चार ओळी कुठूनशा उचलून घातल्या होत्या. त्यात काय असावं? 'बारीक चिरलेला कांदा आणि लसूण घालून पीठ मळा.'

मैत्रिणींनो, हे वाचून माझा हात थरथरला. आपल्या भाजणीवर भरवसा ठेवून अष्टमी-चतुर्दशीला थालीपीठ लावणाऱ्या बायका आहेत. कोणाकडे आजारी सासूबाई आहेत, कोणाला विशिष्ट धान्य चालत नाही. त्या पानावर जे लिहिलं आहे ते खरं मानून त्या पैसे देतात. यंत्राला मजकूर वेगळा दिसावा म्हणून खरं वाक्य बदलून खोटं केलं तर कशाची विक्री करतोय आपण? जे आपण करतो ते सांगायला एक खरं वाक्य सापडलं, तर ते बदलायचं का? केवळ ते आधी एकदा लिहिलं गेलं म्हणून?

आणि गूगलला तरी ते चालतं का? उलट आहे. दुसऱ्याचा मजकूर उचलून, समानार्थी शब्द घालून, थोडा फिरवून छापणं हे गूगलच्या नियमांत लबाडी म्हणून लिहिलेलं आहे. २०११ साली फेब्रुवारीत त्यांनी पांडा नावाचा मोठा बदल केला, तोच मुळी पोकळ, उचललेल्या मजकुराच्या वेबसाइटना मागे सारण्यासाठी. मार्च २०२४ मध्ये आणखी नियम आले. यंत्रानं केला असो वा माणसानं, शोधात वर येण्यासाठी ढिगानं तयार केलेला निरुपयोगी मजकूरही आता त्यात धरला जातो. म्हणजे जो दंड नव्हताच, त्याच्या भीतीनं आपण ३५,००० रुपये देऊन खऱ्या दंडाचं कारण विकत घेणार होतो.

त्याच माणसाची दुसरी सूचना ऐका. २० गावांची २० पानं करू, म्हणाला. 'सांगलीतील भाजणी', 'पुण्यातील भाजणी', 'नाशिकमधील भाजणी'. खालचा मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदलायचं. मी विचारलं, "अहो, कालच तुम्ही दुहेरी पानांची भीती घातलीत आणि आज स्वतःच २० दुहेरी पानं करायला सांगताय?" तो म्हणाला, "काकू, हे टेक्निकल आहे, तुम्हाला नाही समजायचं." समजलं होतं म्हणूनच विचारलं. अशा पानांना डोअरवे म्हणतात, म्हणजे नुसती दारं, आत खोली एकच. तीही नियमांत बसत नाहीत.

आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे. लहानपणी पाठशाळेत शिकलो तेव्हा तुपात भेसळ करू नये एवढाच अर्थ आपल्याला कळला होता. अस्सल मालासारखा दिसणारा नकली माल मिसळून विकणं, तो प्रतिरूपक व्यवहार. शब्द फिरवून 'नवा' म्हणून विकलेला मजकूर दुसरं काय आहे? आणि चोरलेली वस्तू विकत घेणाऱ्यालाही त्या अतिचारांत दोष सांगितला आहे. म्हणजे 'मी थोडंच उचललं, लिहिणाऱ्यानं उचललं' ही पळवाट आपल्याला नाही.

इथे थोडं आपल्याकडेही बघू. आपणही काही धुतल्या तांदळासारख्या नाही. दुसरीनं प्रेमानं लिहिलेली कृती आपल्या नावानं पाठवायची, मसाल्याच्या कंपनीच्या डब्यावरचं वर्णन जसंच्या तसं आपल्या पानावर चिकटवायचं, हे आपण करतोच. जिन्नस आणि प्रमाण कोणाच्या मालकीचं नसतं, आजी-पणजीपासून ते सगळ्यांचं आहे. पण ते सांगितलेले शब्द लिहिणारीचे असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानंही ते तिचेच आहेत. आणि कंपनीचं वर्णन शेकडो दुकानदारांनी तसंच चिकटवलेलं असताना गूगलनं नेमकं आपलं पान का दाखवावं? आपली भाजणी कोणत्या गव्हाची, किती दिवस टिकते, पावसाळ्यात डब्यात कशी ठेवायची, हे दोन ओळी का होईना, आपल्या शब्दांत लिहा. तो मजकूर दुहेरी होत नाही, कारण तसं दुसरं कोणी करतच नाही.

मोठ्या खरेदीच्या वेबसाइटवर आपला माल ठेवत असाल तर तिथे थोडक्यात वर्णन द्या आणि सविस्तर आपल्या पानावर ठेवा. दोन्हीकडे एकच मजकूर असेल तर बहुधा त्यांचंच पान पुढे दिसेल, आपलं मागे राहील. आपलं लिखाण कोणी उचललं तर घाबरू नका, त्यानं तुम्हाला दंड होत नाही. आधी नम्रपणे लिहून कळवा. ऐकलं नाही तर गूगलकडे कॉपीराइटच्या तक्रारीचा अर्ज आहे, तो भरा. पण मूळ लिखाण आपलं हवं, खोटी तक्रार नको.

सगळेच सल्लागार असे नसतात. सुनेच्या भावानं अडलं तेव्हा ज्या मुलीला विचारलं, तिनं फोनवर दहा मिनिटांत उत्तर दिलं आणि पैसेही घेतले नाहीत. चांगल्या माणसाची मेहनत असेल तिथे पैसे जरूर द्या. पण देण्याआधी तीन प्रश्न विचारा. दंड झालाय म्हणता, तर सर्च कन्सोलमधला तो शेरा दाखवता का? या शेकडो पानांपैकी मुख्य पत्ता आधीच लिहिलेली किती? आणि पत्ते एकत्र करून भागत असेल तर मजकूर कशाला बदलायचा? तिन्हींना सरळ उत्तर मिळालं तर माणूस भरवशाचा. 'तुम्हाला नाही समजायचं' असं उत्तर आलं तर फोन ठेवा आणि घरातली जुनी वही काढा.

आपल्याला समजतं. आयुष्यभर आपण एका रुपयाचा हिशेब दोनदा लागू दिला नाही.

जय जिनेंद्र.